वाईटाची बैठक

आमच्या स्टाफरूममध्ये सकाळी कुणी "काय मॅडम, कशा आहात?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. मस्त. एकदम मजेत. सासूशी भांडून आलेली मजेत, दाढ ठणकत असलेला मजेत, बदलीच्या धास्तीनं झोप उडालेलाही मजेत. एकट्या बंडगर मॅडम तेवढं खरं सांगायच्या. "बरं न्हाई. गुडघा धरलाय, आन् पयलाच तास नववी क-चा हाय." विचारणारा ओशाळून जायचा. नव्यानं लागलेले एक सर मला म्हणाले, "मॅडम स्वभावानं चांगल्या आहेत हो, पण जरा निगेटिव्ह वाटतात." मी हसले आणि वह्या तपासायला लागले.

शालन बंडगर भूगोल शिकवायच्या. आमची शाळा कराडच्या अलीकडे, नदीकाठच्या गावात. खिडकीतून बघावं तिकडे ऊस. मॅडमचं सासर त्याच गावचं, पण माहेर सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेला, जतच्याही पुढं, जिथं अर्धं गाव कानडी बोलतं. मेंढरं राखणारं घर. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या आणि घंटा झाली, खडू खाली ठेवला, की माहेरच्या बोलीवर यायच्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, केस तेल लावून चापून बसवलेले. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात टॉर्च, सुतळी, ओवा, सेफ्टी पिना, एक जुना टॉवेल आणि साखरेची पुडी कायम असायची. साखर कशाला, तर कुणाला चक्कर आली तर.

हा 'तर' त्यांच्या तोंडी सारखा असायचा. शाळेत कुठलंही काम निघालं की त्यांचा पहिला प्रश्न, "आन् न्हाई झालं तर?" गॅदरिंगला लाइट गेली तर? पाहुणे आलेच नाहीत तर? हेडमास्तर वैतागून म्हणायचे, "मॅडम, गाडी निघायच्या आधीच पंक्चर काढत बसता तुम्ही."

एका वर्षी वाई आणि महाबळेश्वरची सहल होती. मॅडमनी प्रत्येक पोराच्या मनगटावर बॉलपेननं घरचा फोन नंबर लिहिला आणि दोन पिशव्या भरून भाकरी, चटणी बरोबर घेतली. बस बंद पडली तर पोरं उपाशी राहायला नकोत म्हणून. बस काही बंद पडली नाही. पोरगंही हरवलं नाही. ते ओझं त्यांनी दिवसभर वागवलं आणि संध्याकाळी वाईच्या घाटावर सगळ्यांना बसवून भाकरी वाटून टाकल्या. हेडमास्तरांना संधीच मिळाली. "बघा मॅडम, काही झालं का?"

"न्हाई झालं ते बेसच की सर," मॅडम म्हणाल्या. "व्हावं म्हणून का भाकरी बांधल्या व्हत्या?"

हे असं वागणं त्यांनी माहेरून आणलं होतं. एकदा चाचणीचे पेपर तपासता तपासता त्यांनी मला सांगितलं. त्यांचे वडील, त्यांना घरात सगळे दादा म्हणत, दर वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला अंगणात बसवायचे. लहान पोरांनाही. आणि विचारायचे, "यंदा पाऊस न्हाई आला तर काय करायचं?" प्रत्येकानं उत्तर द्यायचं. कुठली मेंढरं आधी विकायची, कळप घेऊन खाली नदीकाठाला कोण जाणार, म्हाताऱ्यांजवळ कोण राहणार. घरात तिला वाईटाची बैठक म्हणायचे. बैठक झाल्याशिवाय त्या दिवशी चूल पेटायची नाही. सात वर्षांच्या शालननं एकदा सांगितलं की माझी करडी शेळी विका. त्या साली खरंच पाऊस आला नाही आणि शेळी विकावी लागली.

"रडलात?" मी विचारलं.

"लय. पर बावरले न्हाई. मला ठावं व्हतं नव्हं, ती जाणार हाय म्हणून." मग पेपरवर लाल खूण करत म्हणाल्या, "दादा म्हणायचं, बोलल्यानं काय वाईट येत न्हाई गं. यायचं ते येतंय. बोललं म्हंजे कुणी काय करायचं ते आधी कळतंय, एवढंच." आता त्या भागात पाइपलाइनचं पाणी आलंय, भावानं डाळिंब लावलंय, आणि वडील गेल्यापासून बैठक बंद झालीय, हेही त्यांनी सांगितलं. त्याचं त्यांना वाईट वाटत होतं.

मॅडमना एकच मुलगी, मुक्ता. वय तेवीस. मुक्ताला बोलता येत नाही, अधूनमधून फिट येते, समज तीन-चार वर्षांच्या मुलाची. आईशिवाय कुणाच्या हातचा घास ती घेत नसे. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो तेव्हा मॅडम झपाझप घरी जायच्या, मुक्ताला भरवायच्या आणि घंटेला परत हजर. इतक्या वर्षांत त्या एक रात्र बाहेर राहिल्या नाहीत. एकदा मी म्हटलं, "मिस्टरांना शिकवा की भरवायला." त्यांचे यजमान विलासराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शांत, भला माणूस. मॅडम म्हणाल्या, "दोनदा बसले. ती थुकली. त्येंच्या डोळ्यांत पाणी आलं, उठून गेले. मऊ माणूस हाय गं."

त्याच सुमारास शाळेत दहावीच्या मुलांसाठी सांगलीहून एक वक्ते आले. कोट, कानाला लावलेला माइक, मागे पडद्यावर उगवता सूर्य. त्यांनी मुलांना कागदावर लिहायला लावलं, 'मला पंच्याण्णव टक्के मिळाले आहेत.' मिळतील असं नाही, मिळाले आहेत. रोज झोपताना कागद उशाखाली ठेवायचा आणि मनात जराही शंका आणायची नाही. विश्व तुमचं ऐकतं, म्हणाले. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून बंडगर मॅडम उठल्या.

"आणि नाही मिळाले तर?"

वक्ते गोड हसले. "मॅडम, हा 'तर' आहे ना, तोच तुमचा शत्रू आहे. तो आजच्या आज इथेच सोडून जा." पुन्हा टाळ्या. त्यात माझ्याही होत्या, खोटं कशाला बोलू. माणूस बोलत छान होता.

निकाल लागला. पंच्याण्णव लिहिलेल्या एका मुलीला बासष्ट पडले. बासष्ट काही वाईट नाहीत. पण ती खोलीचं दार लावून बसली, जेवेना. आईजवळ एकच बोलली, माझा विश्वास कमी पडला. मॅडम मला घेऊन तिच्या घरी गेल्या. मला वाटलं पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी तिच्यासमोर बसकण मारली आणि म्हणाल्या, "विश्वास बिश्वास काय कमी पडला न्हाई तुझा. तुला भूमिती येत न्हवती. मला म्हाईत हाय, तुला म्हाईत हाय, तुझ्या बेंचावरच्या पोरीलाबी म्हाईत हाय. आता बासष्टात काय काय मिळतंय ते बघू." पिशवीतून त्यांनी यादी काढली. ती त्यांनी निकालाच्या आधीच करून ठेवली होती. मुलगी इतकी चमकली की रडायची थांबली. आज ती मिरजेत नर्सिंग करते.

आणि त्याच मिरजेत, दोन वर्षांनी, मॅडमना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला.

मी बरोबर होते. मॅडमनी डॉक्टरांना सरळ विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर विलासरावांकडे बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "तिकडं न्हाई, माझ्याकडं बघा. घरी पोर हाय माझी." डॉक्टर तरुण होते. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं की सहा महिने धरून चला, जास्त मिळाले तर चांगलंच. मॅडम म्हणाल्या, "उपकार झाले." बाहेर आल्यावर विलासराव पोर्चच्या खांबाला धरून उभे राहिले. मॅडमचा चेहरा मात्र कामाला लागलेल्या बाईचा होता. सहा महिन्यांत मुक्ताला दुसऱ्या हाताची सवय करायची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. तो हात कुणाचा, हे ठरवायचं होतं.

पुढच्याच आठवड्यात विलासरावांनी डॉक्टर बदलला. "असं तोंडावर बोलणारा डॉक्टर माणसाला आधीच मारतो," म्हणाले. कुणीतरी त्यांना त्या सांगलीच्या वक्त्यांच्या रविवारच्या शिबिराला नेलं होतं. बुडत्या माणसानं हाताला लागेल ते धरावं, तसं त्यांनी ते धरलं. फ्रिजवर, आरशावर, देवघराच्या दारावर चिठ्ठ्या लागल्या, 'शालन पूर्ण बरी आहे.' भेटायला येणाऱ्यांना ते फाटकातच अडवायचे. आत कुणी रडायचं नाही, आजाराचं नाव काढायचं नाही. मॅडमच्या मनगटात त्यांनी रबर बँड घातला होता. वाईट विचार आला की तो ओढून सोडायचा, म्हणजे विचार पळतो. सलाइननं ते मनगट आधीच काळंनिळं झालेलं. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा मॅडमनी रबर काढून कोथिंबिरीच्या जुडीला लावला होता.

"मुक्ताचं काढलं की हे उठून जात्यात," त्या मला म्हणाल्या. "म्हणत्यात, तू बरी होणार हायस, मग पोरीची यवस्था कशाला? यवस्था केली म्हंजे तू जायला तयार झालीस. मी काय करू गं ललिता? हितं एक एक दिस जातोय."

मग त्यांनी रविवारी बैठक बोलावली. त्यांनीच एकेकाला फोन केले. विलासराव, दीर आणि जाऊ, जतकडून आलेला भाऊ, आणि मी. सोफ्यावर सगळे दाटीनं बसलो. मुक्ता खाली चटईवर डब्याचं झाकण वाजवत होती. मॅडम भिंतीला टेकून बसल्या. पोट फुगलेलं, हातपाय काड्या झालेले. त्यांनी सुरुवात केली, "मी गेल्यावर मुक्ताचं..."

"थांब," विलासराव उभे राहिले. "या घरात हे वाक्य नको."

"बोलू द्या मला."

"न्हाई बोलायचं! तू बरी होणार हायस. म्हण, मी बरी होणार."

दीर म्हणाले, "वहिनी, दादा बरोबर बोलतोय. मन खंबीर ठेवा, निम्मा आजार तिथंच जातोय." जाऊ डोळे पुसत मान हलवत होती. मॅडमनी भावाकडं बघितलं. तो त्याच अंगणात बसून मोठा झालेला. तो म्हणाला, "ताई, तू वाघीण हायस. असं बोलायचं नसतंय."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी डॉक्टरांचं ऐकलं होतं, मला सगळं ठाऊक होतं. मी बोलायला हवं होतं, बोला मॅडम, मी ऐकतेय, एवढं जरी म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही पॉझिटिव्ह राहा. सगळं नीट होईल."

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. मला त्यांना धीर द्यायचा होता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण ते खरं नाही. ऐकायची ताकद माझ्यात नव्हती, आणि त्या दोन शब्दांनी मला तिथून सुटता आलं. आम्ही सगळेच त्या दिवशी सुटलो. मॅडम एकट्या अडकून राहिल्या. त्या भिंतीचा आधार घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "चहा टाकते." आम्ही तो चहाही प्यायलो.

त्या गेल्या तेव्हा शाळेत शोकसभा झाली. विलासरावांच्या आग्रहावरून ते वक्तेही आले होते. बोलता बोलता म्हणाले, "मॅडमनी शेवटी शेवटी आमच्या पद्धतीनं एकवीस दिवसांचा संकल्प केला होता. पण काय असतं, शंका एकदा मनात घर करून बसली की संकल्पाला बळ मिळत नाही. शरीर लढत होतं, मनानं साथ सोडली." समोरच्या रांगेत विलासराव मान खाली घालून बसले होते आणि होकार भरत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरताना बाईला दुखलं ते दुखलं, वर मेल्याचा दोषही तिच्याच माथी. तरी मी उठले नाही. उठले असते तर त्या संकल्पाचं खरं काय ते सांगावं लागलं असतं, आणि ते विलासरावांच्या देखत सांगणं मला जमण्यासारखं नव्हतं. त्यांना ते आजही माहीत नाही.

त्या संकल्पाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले होते. तीच माझी शेवटची भेट. पुढं त्यांना दवाखान्यात हलवलं आणि घरच्यांखेरीज कुणाला आत सोडत नव्हते.

फाटकातूनच मुक्ताचा आवाज आला. "आऽऽ, आऽऽ" करत ती कशावर तरी हात आपटत होती. मी मागच्या दारानं आत गेले. मधल्या खोलीत मॅडम फरशीवर बसल्या होत्या, दाराला पाठ लावून. दाराला त्यांच्या बाजूनं कडी. पलीकडून मुक्ता ते दार बडवत होती आणि प्रत्येक दणक्याला मॅडमचं अंग हलत होतं. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"काय झालं?" मी कुजबुजले.

"दोन दिस झालं, खाल्लं न्हाई तिनं. नुस्तं पाणी पिती."

"अहो मग उघडा ना दार!"

"उघडलं तर माझ्याच हातनं खाणार." त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. हात तापलेला होता. "आज मी हितं हाय. लयच झालं तर उघडता येतंय. मी गेल्यावर उपाशी बसली तर कोण उघडणार?"

"आणि विलासराव? ते कसे तयार झाले?"

त्यांनी डोळे मिटले. "त्येंना म्हणलं, मी एकवीस दिसांचा संकल्प करते. मुक्ताचं समदं तुमी करायचं, भरवण्यापासनं आंघोळीपतोर. मी तिच्याकडं बघायचंबी न्हाई, माझी समदी ताकद बरं व्हायला लावायची. म्हणलं, असं केलं तर मी बरी होणार, माझं मन सांगतंय." त्या थांबल्या. श्वास पुरत नव्हता. "लेकरागत हरखलं गं ते. दोन दिस ती तोंडावर थुकतीया, पर उठलं न्हाईत. मरायचं म्हणून शिकवलं असतं तर शिकलं नसतं. बरी व्हायचं म्हणून शिकत्यात."

आयुष्यभर जी बाई कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द खोटा बोलली नव्हती, तिला आम्ही सगळ्यांनी मिळून इथवर आणून बसवलं होतं.

"जा," त्या म्हणाल्या. "त्येंना सांग, तिच्या डाव्या अंगाला बसा. आधी चमचा दाखवा, मग पुढं करा. घास लय मोठा घेत्यात ते. आन् दूध कोमट हाय का बघ. मी सांगितलं म्हणू नको."

मी वळसा घालून पुढच्या खोलीत गेले. विलासराव चटईवर बसलेले, शर्टावर सांडलेलं दूध, दाढी वाढलेली. बाजूला ताटलीत दुधात कुस्करलेली भाकरी. मी सांगितलं तसं ते सरकून मुक्ताच्या डाव्या बाजूला बसले. चमचा तिच्या डोळ्यांसमोर धरून थांबले. मुक्ता दार बडवत होती. मग एकदा तिचा हात खाली आला. तिनं चमच्याकडं बघितलं, पुन्हा दाराकडं बघितलं. विलासराव हलले नाहीत. ती थकली होती आणि भुकेली होती. तिनं तोंड उघडलं.

मी मागे मॅडमकडं आले. त्या दाराला कान लावून बसल्या होत्या. पलीकडं चमचा ताटलीला लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा आला, मग परत.

"खाल्लं?" त्यांनी मला खुणेनं विचारलं. मी मान हलवली. त्या दाराच्या फळीवरून हात फिरवत राहिल्या, जिथं मघाशी मुक्ताचे दणके बसत होते तिथं.

पलीकडून विलासरावांचा आवाज आला, रडवेला, आनंदानं फाटलेला. "शालन! खाल्लं गं तिनं! माझ्या हातनं खाल्लं! आता बघ, तू बरी होणार!"

मॅडमनी पदरानं तोंड पुसलं. घसा साफ केला. आणि दारापलीकडं ऐकू जाईल अशा, वर्गात बोलायच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "व्हय तर! होणार की बरी."

मग पदराचा बोळा तोंडात कोंबून त्या दाराला डोकं टेकून बसल्या.